खाल्लेलें अंगीं लागतें, तें कसें?

आमच्या घरीं पंगत बसली कीं वाढणाऱ्यांची नजर पानांवर असते आणि आजीची नजर जेवणाऱ्यांवर असते. कोणी किती खाल्लें यापेक्षां खाल्लेलें कोणाच्या अंगीं लागलें, याची तिला अधिक विवंचना. 'अंगीं लागणें' हा शब्दप्रयोग आपण सर्वच नेहमीं करतों. परंतु भाताचा घास अंगीं लागतो म्हणजे नेमकें काय होतें, हें आपणांपैकीं फार थोड्यांनीं स्वतःला विचारलें असेल. मींहि विचारलें नव्हतें. एके वर्षीं हा प्रश्न आमच्या घरांत असा कांहीं येऊन उभा राहिला कीं, त्याचें उत्तर शोधल्यावांचून मला गत्यंतर उरलें नाहीं.

धाकट्या भावाची मुलगी त्या वेळीं नऊ वर्षांची होती. गणपतीच्या दिवसांत तिची भूक एकाएकीं वाढली. दोन पोळ्यांवर हात धुणारी मुलगी चार पोळ्या खाऊं लागली, तेव्हां घरांतील बायकांना प्रथम धन्यताच वाटली. परंतु थोड्याच दिवसांत तिच्या गळ्याचीं हाडें वर दिसूं लागलीं व अंगावरचा फ्रॉक लोंबूं लागला. रात्रीं दोन-तीनदां उठून ती तांब्या तोंडाला लावी आणि तितक्याच वेळां मोरीकडे जाई. कोणी म्हणालें, जंत झाले असतील. कोणी मीठ-मोहऱ्यांनीं दृष्ट काढली. आणि आजीनें आपल्या ममतेला साजेल असा रोज सकाळीं साजूक तुपांतील शिऱ्याचा खुराक सुरू केला. दसऱ्याच्या सुमारास मुलगी अंथरुणाला खिळली. तिचा श्वास खोल चालला होता व त्याला पिकलेल्या फळासारखा चमत्कारिक वास येत होता. इस्पितळांत नेल्यावर डॉक्टरांनीं तिच्या बोटांतून रक्ताचा एक थेंब काढून तपासला आणि ते म्हणाले, "हिच्या रक्तांत साखर भरपूर आहे; पण ती हिच्या अंगीं लागत नाहीं." शब्द आजीचाच, पण अर्थ केवढा निराळा!

मुलीची पुढची हकीकत शेवटीं सांगतों. तत्पूर्वीं, निरोगी माणसाच्या अंगीं अन्न कसें लागतें, हें आपण क्रमानें पाहूं.

कर्ब आणि शक्ति

अन्नाकडून प्राण्याला दोन गोष्टी हव्या असतात. पहिली, शरीर बांधण्याचें द्रव्य. आणि दुसरी, बांधलेलें शरीर चालविण्याची शक्ति. या द्रव्यांत कर्बाचें महत्त्व सर्वांत मोठें. चुलींतील कोळसा म्हणजे बहुतांशीं कर्बच. मनुष्याच्या वजनापैकीं सुमारें १८ टक्के भाग कर्बाचा असतो. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाच्या अंगांत जवळजवळ ११ किलो कर्ब असतो. स्नायु, चरबी, केस, नखें, रक्ताला तांबडा रंग देणारें द्रव्य, या सर्वांचा सांगाडा कर्बाच्या अणूंच्या लहानमोठ्या साखळ्यांनीं बनलेला आहे.

कर्ब हवेंतहि आहे. हवेच्या दर दहा हजार भागांत सुमारें चार भाग कर्बवायूचे, म्हणजे ज्याला सर्वत्र कार्बन डायऑक्साइड म्हणतात त्याचे, असतात. झाड हा वायु पानांवाटे आंत घेतें आणि उन्हाच्या शक्तीनें त्यांतील कर्ब व मुळांवाटे आलेलें पाणी यांची सांगड घालून शर्करा तयार करतें. अशा रीतीनें शर्करेंत कर्ब तर सांठतोच, पण त्याच्या जोडीला सूर्याची शक्तिहि सांठते. प्राण्याला ही विद्या अवगत नाहीं. आपण दिवसभर उन्हांत उभे राहिलों तरी हवेंतील कर्बाचा एक कणहि अन्न म्हणून आपल्या उपयोगीं पडणार नाहीं. म्हणून वनस्पतीनें रांधलेलें खाणें, किंवा तें खाणाऱ्या दुसऱ्या प्राण्याला खाणें, एवढे दोनच मार्ग आपल्यापुढें उरतात. आज ताटांत आलेल्या भाकरींतील कर्ब गेल्या हंगामांत हवेंत तरंगत होता, हें ध्यानांत घेतलें म्हणजे अन्नाला पूर्णब्रह्म म्हणणाऱ्यांच्या दृष्टीविषयीं निराळेंच कौतुक वाटतें.

कर्ब असलेली प्रत्येक वस्तु आपल्या अंगीं लागतेच असें मात्र नव्हे. जोंधळ्याचें ताट घ्या. त्याचें कणीस आपल्याकडे येतें आणि कडबा बैलाकडे जातो. दाण्यांतील पिष्ट आणि कडब्यांतील काष्ठद्रव्य या दोहोंच्या साखळ्यांच्या कड्या एकच, म्हणजे ग्लुकोज नांवाच्या शर्करेच्या. परंतु त्या एकमेकींत अडकविण्याची तऱ्हा निराळी. पिष्टाची कडी उघडणारी किल्ली आपल्यापाशीं आहे, काष्ठद्रव्याची नाहीं. खरें पाहतां ती बैलापाशींहि नाहीं! त्याच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यांत कोट्यवधि सूक्ष्म जीव राहतात. ते कडबा आंबवितात, आणि त्यांतून निघणाऱ्या आम्लांवर बैलाचा मुख्य निर्वाह चालतो. गाईच्या दुधाचा उगमहि याच आंबवणांत आहे.

घासाचा प्रवास

पचनाचा आरंभ पोटांत न होतां तोंडांत होतो. पोळीचा कोरडा तुकडा सावकाश चावीत राहिलें, तर थोड्या वेळानें तो गोड लागूं लागतो. लाळेंतील पाचक द्रव्यानें पिष्टाच्या साखळीचे तुकडे पाडावयास तेव्हांच सुरुवात केलेली असते. 'घास चावून खा' असें बजावणारी आजी रसायनशास्त्र न शिकतांहि रसायनशास्त्रच सांगत असते. जठरांतील आम्ल रसांत डाळीच्या व दुधाच्या प्रथिनांचे तुकडे पडूं लागतात. पुढें लहान आंतड्यांत स्वादुपिंडाचा रस व यकृतांतून येणारें पित्त हीं येऊन मिळतात. पित्तामुळें तुपातेलाचे बारीक थेंब होतात व त्यांचें विघटन सुलभ होतें. शेवटीं भात काय, वरण काय आणि तूप काय, सर्वांचीं मूळ रूपें नाहींशीं होऊन त्यांचीं लहान लहान द्रव्यें बनतात आणि तीं आंतड्यांच्या अस्तरांतून शरीरांत शिरतात.

येथें यकृत हें कोठीघर सांभाळणाऱ्या दक्ष गृहिणीचें काम करतें. जेवणानंतर रक्तांत आलेली जास्तीची शर्करा तें ग्लायकोजेन या रूपानें सांठवून ठेवतें आणि दोन जेवणांच्या मधल्या वेळांत जरूर पडेल तशी बाहेर काढतें. हें ग्लायकोजेन क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञानें इ. स. १८५७ मध्यें वेगळें काढून दाखविलें. यकृताच्या कोठारांत सुमारें १०० ग्रॅम व स्नायूंत मिळून सुमारें ४०० ग्रॅम एवढाच हा सांठा असतो. यकृताचा सांठा एका दिवसाच्या निरंकार उपवासांत बहुतेक संपतो; त्यानंतर मुख्य भार चरबीवर पडतो. साबुदाण्याच्या खिचडीवर केलेल्या एकादशीची गोष्ट अर्थात् वेगळी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्टच; त्यामुळें त्या दिवशीं कोठार रिकामें होण्याऐवजीं बहुधा भरलेंच जातें!

धुराशिवाय अग्नि

आतां प्रश्न शक्तीचा. आपल्या पूर्वजांनीं पचनाला जठराग्नि म्हटलें. पोटांत कांहीं ज्वाळा नसते. पण अन्न आणि अग्नि यांचें नातें खरें आहे, हें मोजून दाखविण्याचें श्रेय फ्रान्समधील लाव्हाझिए व लाप्लास यांना द्यावें लागतें. इ. स. १७८२-८३ च्या हिवाळ्यांत त्यांनीं एक गिनीपिग बर्फानें वेढलेल्या पात्रांत ठेवला. त्याच्या अंगच्या उष्णतेनें किती बर्फ वितळलें व त्यानें किती कर्बवायु उच्छ्वासावाटे टाकला, हें त्यांनीं मोजलें. आणि तितकाच वायु निघेल इतका कोळसा जाळला असतां किती बर्फ वितळतें, याच्याशीं तें ताडून पाहिलें. दोन्ही आंकडे बरेच जवळ आले. श्वासोच्छ्वास म्हणजे मंद ज्वलनच, असा निष्कर्ष त्यांनीं काढला. हें ज्वलन फुप्फुसांत होत असावें अशी त्यांची समजूत होती, ती मात्र पुढें चुकीची ठरली. तें शरीराच्या प्रत्येक पेशींत चालतें. ज्या लाव्हाझिएनें प्राण्यांच्या देहांतील हा अग्नि ओळखला, त्याचा शिरच्छेद क्रांतीच्या धामधुमींत ८ मे १७९४ रोजीं झाला. सरकारी कर वसूल करणाऱ्या मक्त्यांत तो भागीदार होता, हा त्याच्यावरील रोष.

परंतु पेशींत खरोखरीची ज्वाळा पेटली तर पेशीच जळून जावयाची. म्हणून निसर्गानें युक्ति अशी केली कीं, हें ज्वलन एकदम न होतां पायरीपायरीनें व्हावें, आणि प्रत्येक पायरीवर सुटणारी शक्ति थोडथोडी पकडून ठेवावी. मोठी नोट घेऊन बाजारांत गेल्यास भाजीवाली मोड मागते. ग्लुकोज ही पेशीची मोठी नोट, आणि एटीपी हें तिचें सुटें नाणें. ग्लुकोजच्या एका रेणूपासून एटीपीचे सुमारें तीस रेणू मिळतात. पापणी लवणें, हृदय आकुंचन पावणें, नवें प्रथिन बांधणें, हे सारे व्यवहार या नाण्यावर चालतात. एका दिवसांत माणूस जवळजवळ स्वतःच्या वजनाइतकें एटीपी वापरतो. तेंच तें पुनःपुन्हां मोडतो व पुनःपुन्हां जोडतो, म्हणून थोडक्यावर भागतें. या द्रव्याच्या शोधांत एका भारतीयाचा वाटा आहे. गोदावरीच्या मुखाकडील भीमावरम् येथें १८९५ सालीं जन्मलेले येल्लप्रगड सुब्बाराव यांनीं सायरस फिस्के यांच्यासह हार्वर्ड विद्यापीठांत काम करून १९२९ मध्यें एटीपी स्नायूंतून वेगळें केलें. त्याच वर्षीं जर्मनींत कार्ल लोहमान यांनींहि स्वतंत्रपणें तें शोधून काढलें.

कर्बाची शेवटची वाट हान्स क्रेब्स यांनीं दाखविली. हिटलरच्या राजवटीमुळें जर्मनी सोडून इंग्लंडमध्यें आलेल्या या शास्त्रज्ञानें कबुतराच्या छातीच्या स्नायूंवर प्रयोग करून १९३७ मध्यें असें सिद्ध केलें कीं, अन्नांतील कर्ब रहाटगाडग्यासारख्या फिरणाऱ्या एका रासायनिक चक्रांत शिरतो आणि त्यांतून कर्बवायु होऊन बाहेर पडतो. 'नेचर' या सुप्रसिद्ध नियतकालिकानें त्यांचें टिपण परत पाठविलें होतें. १९५३ सालीं त्याच शोधास नोबेल पारितोषिक मिळालें. चक्रांत पिष्ट, स्निग्ध व प्रथिनें या तिन्ही वाटा येऊन मिळतात. पेशींतून शेवटीं जें काढून घेतलें जातें तें उज्जवायूच्या अणूंतील इलेक्ट्रॉनांच्या रूपानें हातोहात पुढें जातें आणि आपण श्वासावाटे घेतलेल्या प्राणवायूला मिळून पाणी बनतें. श्वास घेण्याचें मुख्य प्रयोजन हेंच.

या हातोहात चालणाऱ्या देवघेवींत सायटोक्रोम सी नांवाचें एक प्रथिन आहे, आणि त्याच्याशीं एका मराठी विदुषीचें नांव निगडित आहे. कमला भागवत, पुढें कमलाबाई सोहोनी, यांचा जन्म १९११ सालीं इंदूरचा. १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. परीक्षा पहिल्या क्रमांकानें उत्तीर्ण होऊन त्यांनीं बंगलोरच्या विज्ञानसंस्थेंत प्रवेश मागितला, तेव्हां संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं केवळ त्या स्त्री आहेत म्हणून नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहींत. अखेर एक वर्ष काम पाहूं, अशा अटीवर त्यांना आंत घेण्यांत आलें. पुढें केंब्रिजला संशोधन करतांना त्यांना बटाट्यांत सायटोक्रोम सी आढळलें, आणि तें वनस्पतींच्या पेशीपेशींत असतें हें त्यांनीं दाखविलें. म्हणजे अन्नांतून शक्ति काढण्याची जी रीत आपल्या हृदयांत, तीच जमिनीखालच्या कंदांतहि! १९३९ सालीं त्यांना केंब्रिजची पीएच्. डी. मिळाली, विज्ञानांत ती पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. मायदेशीं परतल्यावर त्यांनीं नीरा, कडधान्यें अशा गोरगरिबांच्या अन्नावर संशोधन केलें. ज्या घरांत मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न अजूनहि 'पुढें पाहूं' म्हणून टाळला जातो, तेथें ही हकीकत एकदां मोठ्यानें वाचावी.

वजन जातें कोठें?

उपवासानें किंवा व्यायामानें माणूस वाळतो, तेव्हां त्याची चरबी जाते कोठें? पुष्कळांचें उत्तर 'घामावाटे' किंवा 'उष्णता होऊन' असें येतें. वस्तुतः द्रव्य नाहींसें होत नसतें. रूबेन मीरमन व अँड्र्यू ब्राउन यांनीं २०१४ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें हिशेब मांडून दाखविला कीं, १० किलो चरबी नाहींशी झाली तर तींतील ८.४ किलो कर्बवायूच्या रूपानें श्वासावाटे व उरलेली १.६ किलो पाण्याच्या रूपानें बाहेर जाते. आपण दररोज साधारण एक किलो कर्बवायु उच्छ्वासांतून सोडतों. त्यांत पाव किलोहून थोडा अधिक कर्ब असतो. घास तोंडानें आंत येतो आणि त्यांतील बहुतेक कर्ब नाकावाटे बाहेर पडतो. तो पुन्हां कोठल्या तरी जोंधळ्याच्या पानांत शिरावयास मोकळा.

थोडा कर्ब मात्र मागें राहतो, आणि हेंच खरें अंगीं लागणें. वाढत्या मुलांत तो हाडामांसांत जडतो, गर्भिणींत गर्भाच्या देहांत. प्रौढांतहि तो निष्क्रिय पडून राहत नाहीं. रुडॉल्फ शोनहायमर यांनीं १९३० नंतरच्या दशकांत न्यूयॉर्क येथें जड हायड्रोजन व जड नत्र यांची खूण केलेलें अन्न उंदरांना घालून दाखविलें कीं, पूर्ण वाढलेल्या प्राण्याची चरबी व प्रथिनें अखंड बदलत असतात. शरीर म्हणजे एकदां बांधून झालेला वाडा नव्हे. तो वाहत्या नदीसारखा आहे. आकार तोच दिसतो, पाणी मात्र नवें असतें. म्हणूनच सर्वांची जेवणें आटोपल्यावर उरलेल्यावर भागविणाऱ्या गृहिणीचें शरीर, बाहेरून तेंच दिसत असलें तरी, आंतून हळूहळू तुटीचा संसार करीत असतें.

दार न उघडणारें घर

आतां पुन्हां आमच्या पुतणीकडे येऊं. जेवणानंतर रक्तांत आलेलें ग्लुकोज स्नायूंच्या व चरबीच्या पेशींत शिरण्यास इन्सुलिनची संमति लागते. हा रस स्वादुपिंडांतील कांहीं विशिष्ट पेशी तयार करतात. लहान मुलांना होणाऱ्या मधुमेहांत शरीराची संरक्षक यंत्रणाच भ्रमानें त्या पेशींचा नाश करते. मग अन्न पचतें, शर्करा रक्तांत येते, पण पुष्कळ पेशींचें दारच उघडत नाहीं. भरल्या कोठाराच्या उंबरठ्यावर घर उपाशी! शर्करा मूत्रावाटे वाहूं लागते. तिच्याबरोबर पाणी जातें, म्हणून तहान लागते. इकडे उपासमार झाली अशा समजुतीनें शरीर स्नायु मोडून आणखी शर्करा करूं लागतें व चरबी बेसुमार जाळतें; त्यांतून निघणाऱ्या आम्लांनीं रक्त विषारी होतें. श्वासाचा तो फळासारखा वास त्यांतील ॲसिटोनचा. आजीच्या शिऱ्यानें आगींत तेल पडत होतें, आणि त्यांत तिचा तिळमात्र दोष नव्हता.

मूत्रांतील गोडी चरक-सुश्रुतांना ठाऊक होती. मधुमेह हें नांवच त्याची साक्ष देतें. उपाय मात्र १९२१ पर्यंत कोणापाशींच नव्हता. त्या वर्षीं कॅनडांत टोरोंटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं कुत्र्यांच्या स्वादुपिंडाचा अर्क काढला. ११ जानेवारी १९२२ रोजीं लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या, अस्थिपंजर झालेल्या मुलाला पहिली सुई दिली. तिचा विशेष गुण आला नाहीं. कॉलिप यांनीं अर्क अधिक शुद्ध केला आणि २३ जानेवारीपासून पुन्हां सुया दिल्या, तेव्हां मुलगा सावरूं लागला. तो आणखी तेरा वर्षें जगला.

आमची मुलगीहि सावरली. इस्पितळांतून परतल्यावर पहिल्या दिवशीं सुई देतांना भावजयीचे हात थरथरत होते, मुलगीच म्हणाली, "आई, तूं दुसरीकडे बघ, मी टोंचून घेतें." आज ती स्वतः सुई घेते, पानांतील भाताचा अंदाज बांधते आणि पंगतींत सर्वांबरोबर बसते. इन्सुलिन तिला जन्मभर लागणार, हें आम्ही सर्वांनीं स्वीकारलें आहे. आजीला मात्र शिऱ्याची गोष्ट विसरतां येत नाहीं. एकदां ती मला म्हणाली, "मीं विषच वाढलें रे!" तिला मीं एवढेंच सांगितलें कीं, "आजी, तुझें निरखणें बरोबर होतें. खाल्लेलें अंगीं लागत नाहीं, हें या घरांत सर्वांत आधीं तूंच म्हणालीस. आम्हीं तें ऐकून घेतलें नाहीं."

वाचकांनीं यांतून एवढें तरी ध्यानांत ठेवावें. मूल भरपूर खाऊनहि वाळत असेल, वारंवार पाणी मागत असेल, सारखें लघवीस जात असेल, किंवा सोडलेली अंथरूण ओलें करण्याची खोड पुन्हां सुरू झाली असेल, तर दृष्ट खुशाल काढावी. पण त्याच दिवशीं रक्तांतील साखर तपासून घ्यावी. त्याला एक थेंब रक्त पुरतें. आमच्या घरीं तो थेंब काढावयास तीन आठवडे उशीर झाला होता.